सामान्यांचा कैवारी : विल्यम जेनिंग्ज ब्रायन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दोन मोठे राजकीय पक्ष आहेत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. त्यांपैकी डेमोक्रॅटिक पक्ष हा कामगारांचा, गरिबांचा व कृष्णवर्णीयांचा कैवार घेणारा पक्ष म्हणून पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु एके काळी हाच पक्ष गुलामांच्या मालकांचा भक्कम आधार होता आणि सरकारने गरिबांसाठी हात हलवू नये असे मानणारे लोक त्याचे पुढारी होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. एका पक्षाचे असे रूपांतर व्हावे कसे? या प्रश्नाचा शोध घेऊ लागलो की एका माणसाचे चरित्र वाटेत उभे राहते. हा माणूस तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि तिन्ही वेळा हरला. तो प्रेस्बिटेरियन मंडळीचा सभासद होता, पवित्र शास्त्राचा नित्य अभ्यासक होता. कोल्हापूर, सांगली, मिरज या भागांत ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा व दवाखाने उभारले, त्या मिशनला पाठविणाऱ्या मंडळीशी त्याचे नाते होते. त्याचे नाव विल्यम जेनिंग्ज ब्रायन. त्याच्या जीवनात आपण अनुकरण करावे असे पुष्कळ आहे आणि ज्यापासून सावध व्हावे असेही काही आहे. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आम्ही योजिले आहे.

पक्षाचा वारसा

डेमोक्रॅटिक पक्षाची मुळे थॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन यांच्या अनुयायांपर्यंत जातात. पण आज आपण ओळखतो ते त्याचे रूप १८२८ साली अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्या सुमारास तयार झाले. लहान शेतकरी व कारागीर यांची बाजू घ्यावी, मोठ्या पेढ्यांवर विश्वास ठेवू नये, मध्यवर्ती सरकारने फार ढवळाढवळ करू नये, ही त्या पक्षाची शिकवण होती. ती शिकवण फक्त गोऱ्यांपुरती होती. खुद्द जॅक्सन गुलामांचे मालक होते, आणि १८३० च्या कायद्याने त्यांनी मूळ रहिवाशांच्या जमातींना त्यांच्या भूमीतून मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याचा मार्ग मोकळा केला.

१८५४ साली गुलामगिरीचा प्रसार रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्ष जन्मास आला. १८६० साली डेमोक्रॅटिक पक्ष याच प्रश्नावरून उत्तर व दक्षिण असा दुभंगला आणि अब्राहम लिंकन निवडून आले. पुढे १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले व गुलामगिरी संपली. युद्धानंतर दक्षिणेतील गोरे लोक डेमोक्रॅटिक पक्षाला चिकटून राहिले. १८६० पासून १९१२ पर्यंतच्या अर्ध्या शतकात या पक्षाचा एकच मनुष्य राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येऊ शकला. ते म्हणजे ग्रोव्हर क्लीव्हलँड. ते सचोटीचे व काटकसरी होते. पण १८८७ साली टेक्सासमधील दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांना बियाण्यासाठी १०,००० डॉलर देण्याचे विधेयक त्यांनी नामंजूर केले. अशी मदत करणे हे सरकारचे काम नव्हे, असे त्यांचे तत्त्व होते. ब्रायन पुढे आले तेव्हा पक्षाची स्थिती ही अशी होती.

बालपण व विश्वास

विल्यमचा जन्म १९ मार्च १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सेलम या लहान गावी झाला. वडील सायलस ब्रायन हे न्यायाधीश होते. ते बाप्टिस्ट, तर आई मेथोडिस्ट. त्यामुळे मुलगा रविवारी सकाळी एका मंडळीत व दुपारी दुसऱ्या मंडळीत जाई. दहाव्या वर्षापर्यंत आईनेच त्याला घरी शिकविले. चौदाव्या वर्षी आत्मिक जागृतीच्या सभांमध्ये त्याचे अंतःकरण हलले आणि त्याने कंबरलंड प्रेस्बिटेरियन मंडळीत प्रवेश केला. आईवडिलांच्या दोन्ही मंडळ्या सोडून मुलाने तिसरीच निवडली, तरी घरात त्यावरून कलह झाला नाही.

१८८१ साली जॅक्सनव्हिल येथील इलिनॉय कॉलेजातून तो आपल्या वर्गात पहिला येऊन पदवीधर झाला. नंतर शिकागो येथे कायद्याचे शिक्षण झाले. १८८४ साली मेरी बेअर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरीबाई असामान्य बुद्धीच्या होत्या. पतीला नीट मदत करता यावी म्हणून त्यांनी स्वतः कायद्याचा अभ्यास केला आणि १८८८ साली वकिलीची सनद मिळविली. पुढील चाळीस वर्षे पतीची भाषणे, पत्रव्यवहार व हिशेब यांत त्यांचा मोठा वाटा होता.

१८८७ साली हे कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी राहावयास गेले. तेथे ब्रायन यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या राजकारणाला वळण दिले.

चांदीचा प्रश्न

नेब्रास्का हा गहू व मका पिकविणारा प्रांत. पूर्वेकडील पेढ्यांकडून कर्ज काढून तेथील लोकांनी जमिनी घेतल्या होत्या. धान्य बाजारात नेण्यासाठी रेल्वे कंपन्या मागतील ते भाडे द्यावे लागे. त्यात १८९० च्या सुमारास पाऊस ओढ धरू लागला. या सर्वांहून सूक्ष्म पण घातक असा एक प्रश्न होता, तो नाण्यांचा.

१८७३ च्या कायद्याने अमेरिकेने चांदीची नाणी मुक्तपणे पाडणे बंद केले आणि देश हळूहळू केवळ सोन्याच्या चलनावर आला. लोकसंख्या व उत्पादन वाढत होते, पण पैसा त्या प्रमाणात वाढत नव्हता. त्यामुळे मालाचे भाव वर्षानुवर्षे घसरत गेले. समजा, एखाद्या शेतकऱ्याने शंभर पोती धान्याच्या किमतीइतके कर्ज काढले. फेडण्याच्या वेळी भाव उतरलेला असल्याने त्याला तेवढ्याच डॉलरांसाठी दीडशे पोती विकावी लागली. कागदावर कर्ज तेवढेच, पण त्याच्या घामाच्या हिशेबाने ते दीडपट झाले. ही सावकारी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार कोठे करावी हेही त्या बिचाऱ्याला कळत नसे. सोळा तोळे चांदीला एक तोळा सोन्याची बरोबरी द्यावी व चांदीची टांकसाळ सर्वांस खुली करावी, अशी शेतकऱ्यांची मागणी होती.

या प्रश्नाचा आपल्या देशाशीही संबंध होता. हिंदुस्थानचा रुपया चांदीचा. २६ जून १८९३ रोजी येथील इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. जगातले चांदीचे एक मोठे गिऱ्हाईक असे एकाएकी नाहीसे होताच चांदीचा भाव कोसळला, आणि अमेरिकेत आधीच सुरू झालेला आर्थिक हाहाकार अधिकच वाढला. चारच दिवसांनी क्लीव्हलँड यांनी सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलाविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १८९३ च्या या निर्णयाची चर्चा केली आहे.

ब्रायन १८९० साली काँग्रेसवर निवडून गेले होते. आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभे राहून त्यांनी १८९३ च्या ऑगस्टमध्ये चांदीच्या बाजूने सुमारे तीन तास भाषण केले. कायदा रद्द झालाच, पण हा तरुण सभासद देशाला माहीत झाला. १८९४ साली श्रीमंतांच्या उत्पन्नावर कर बसविण्याच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला. पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कर घटनाबाह्य ठरविला.

शिकागोची सभा

जुलै १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्रीय परिषद शिकागो येथे भरली. पक्षात दोन तट पडले होते. क्लीव्हलँड यांचा गट सोन्याच्या बाजूचा, तर दक्षिण व पश्चिमेकडील प्रतिनिधी चांदीच्या बाजूचे. ९ जुलैला ठरावावरील चर्चेत शेवटचे भाषण ब्रायन यांचे होते. ध्वनिक्षेपक नसतानाही त्या प्रचंड सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचा आवाज पोहोचला. शेतात राबणारा, खाणीत उतरणारा, खेड्यात छोटे दुकान चालविणारा हादेखील व्यापारीच आहे, आणि शहरे शेतीवर उभी आहेत, शेती शहरांवर नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शेवटी त्यांनी काट्यांचा मुकुट व वधस्तंभ यांची उपमा देऊन श्रमणाऱ्या मानवजातीला सोन्यापायी बळी देऊ नका, असे विनविले. क्षणभर सभागृह निःशब्द झाले आणि मग प्रतिनिधींनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. पवित्र प्रतिमा राजकीय व्यासपीठावर वापरल्याबद्दल काही धर्मोपदेशकांनी त्यांना दोषही दिला. दुसऱ्या दिवशी पाचव्या मतदानात ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षानेही त्यांनाच पाठिंबा दिला.

तोपर्यंत उमेदवाराने दारोदार मते मागणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. ब्रायन यांनी रेल्वेने सुमारे १८,००० मैलांचा प्रवास केला आणि सुमारे सहाशे भाषणे दिली. त्यांचे प्रतिस्पर्धी रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली घराच्या ओसरीवर बसूनच पाहुण्यांना भेटत, पण त्यांच्यामागे बँकांची व कारखानदारांची अमाप संपत्ती होती. ब्रायन निवडून आले तर कारखाना बंद होईल, अशी भीती कित्येक मजुरांना त्यांच्या मालकांनी घातली. शहरी मजुरांना स्वतःहूनही शंका होतीच. भाव वाढले तर शेतकऱ्याचे कर्ज हलके होईल, पण आपली भाकरी महाग होईल, हे त्यांना दिसत होते. निकालात मॅकिन्ली यांना २७१ व ब्रायन यांना १७६ निर्वाचक मते पडली.

थोड्याच वर्षांत दक्षिण आफ्रिका व क्लोंडाइक येथील खाणींतून भरपूर सोने बाजारात आले, भाव आपोआप वर चढले आणि चांदीचा प्रश्न मागे पडला. परंतु पक्ष बदलला तो बदललाच. दुर्बळांचे रक्षण हे सरकारचे कर्तव्य आहे, ही कल्पना आता डेमोक्रॅटिक पक्षाच्या घरात शिरली होती.

पराभव आणि प्रवास

१८९८ साली अमेरिकेने स्पेनशी युद्ध केले. क्यूबाच्या मुक्ततेसाठी हे युद्ध आहे असे समजून ब्रायन स्वतः नेब्रास्काच्या एका पलटणीचे कर्नल झाले, पण त्यांची पलटण फ्लोरिडातच राहिली. युद्धाअंती अमेरिकेने फिलिपाईन्स बेटे आपल्या ताब्यात ठेवली, तेव्हा ब्रायन व्यथित झाले. परक्या लोकांवर त्यांच्या संमतीवाचून राज्य करणे हे प्रजासत्ताकाला व ख्रिस्ती राष्ट्राला शोभत नाही, हा त्यांच्या १९०० सालच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. या वेळी त्यांचा पराभव अधिक मोठा झाला.

१९०१ साली त्यांनी ‘द कॉमनर’ नावाचे साप्ताहिक काढले. सामान्य माणूस हाच त्या नावाचा अर्थ, आणि लोक त्यांनाही त्याच नावाने ओळखू लागले. १९०४ साली पक्षातील जुन्या गटाने ब्रायन यांना बाजूला सारून न्यायाधीश आल्टन पार्कर यांना उभे केले. पार्कर यांचा पराभव ब्रायन यांच्या दोन्ही पराभवांहून दारुण झाला, आणि मागे फिरण्यात लाभ नाही हे पक्षाला कळून चुकले.

१९०५ व १९०६ साली ब्रायन कुटुंबासह जगप्रवासास निघाले. जपान, चीन, फिलिपाईन्स पाहून ते हिंदुस्थानात आले आणि पुढे पवित्र भूमीचेही दर्शन घेतले. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याविषयी त्यांनी १९०६ साली एक लेख लिहिला. रेल्वे, रस्ते व शांतता यांचे श्रेय त्यांनी इंग्रजांना दिले. पण करांचा भार, लष्कर व अधिकारी यांवरील खर्च, शिक्षणाकडील दुर्लक्ष आणि कारभारात लोकांना आवाज नसणे यांवर त्यांनी स्पष्ट टीका केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातील गदर पक्षाच्या देशभक्तांनी हा लेख छापून वाटला. अमेरिकेतील एका थोर पुढाऱ्याने आपली बाजू अशी उघडपणे मांडावी, याचे त्या काळी हिंदी लोकांना केवढे अप्रूप वाटले असेल!

१९०८ साली ब्रायन तिसऱ्यांदा उभे राहिले आणि विल्यम टाफ्ट यांच्याकडून हरले. बँकेतील ठेवींना हमी असावी, उत्पन्नावर कर असावा, निवडणुकीच्या देणग्या जाहीर कराव्यात, या त्यांच्या मागण्या होत्या. कामगार संघटनांचे पुढारी या निवडणुकीत उघडपणे त्यांच्या मागे उभे राहिले. येथून कामगार व डेमोक्रॅटिक पक्ष यांचे नाते जुळले.

शांतीचा मंत्री

१९१२ साली बाल्टिमोर येथील परिषदेत ब्रायन यांनी उमेदवारी घेतली नाही. पण मोठ्या भांडवलदारांच्या हातचे बाहुले होईल असा उमेदवार येऊ द्यायचा नाही, असा त्यांनी निर्धार केला. चौदाव्या मतदानात त्यांनी आपले वजन वुड्रो विल्सन यांच्या पारड्यात टाकले. शेचाळिसाव्या मतदानात विल्सन उमेदवार झाले व रिपब्लिकन पक्षात फूट पडल्यामुळे निवडूनही आले. त्यांनी ब्रायन यांना परराष्ट्रमंत्री केले.

या काळात ब्रायन यांची जुनी स्वप्ने एकामागून एक साकार झाली. १९१३ साली उत्पन्नकर व सिनेट सभासदांची थेट लोकांकडून निवड या घटनादुरुस्त्या अमलात आल्या. त्याच वर्षी मध्यवर्ती बँकव्यवस्था स्थापन झाली, तेव्हा नोटा सरकारच्याच जबाबदारीवर निघाव्यात व नियामक मंडळ सरकारनेच नेमावे, हा आग्रह ब्रायन यांनी धरला व तो मान्य झाला. दारूबंदी व स्त्रियांचा मताधिकार यांसाठीही त्यांनी गावोगाव भाषणे केली. त्या दुरुस्त्या १९१९ व १९२० साली मंजूर झाल्या. दारूबंदी मात्र १९३३ साली उठविण्यात आली.

परदेशी वकिलांच्या मेजवानीत त्यांनी मद्याऐवजी द्राक्षांचा रस ठेवला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडविली. त्यांनी त्याची पर्वा केली नाही. तीस राष्ट्रांशी त्यांनी असे करार केले की, तंटा निर्माण झाल्यास तो निःपक्ष समितीकडे चौकशीसाठी द्यावा आणि एक वर्षापर्यंत कोणी शस्त्र उचलू नये. रागावलेल्या माणसाला थोडा वेळ मिळाला तर त्याचा हात खाली येतो, हा घरगुती अनुभव त्यांनी राष्ट्रांच्या व्यवहारात आणला. यशया संदेष्ट्याच्या दर्शनाची आठवण म्हणून त्यांनी जुन्या तरवारी वितळवून नांगराच्या फाळाच्या आकाराची टेबलावरील वजने करवून घेतली व ती परदेशी प्रतिनिधींना भेट दिली. मध्य अमेरिका व मेक्सिको यांच्या बाबतीत मात्र याच मंत्र्याच्या काळात अमेरिकेने बळाचा वापर केला. १९१४ साली मेक्सिकोतील व्हेराक्रूझ बंदर अमेरिकन सैन्याने व्यापले. सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर तत्त्व पाळणे किती कठीण असते, ते येथे दिसते.

७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे जहाज बुडविले. त्यात सुमारे १,२०० माणसे मृत्यू पावली व त्यांत १२८ अमेरिकन होते. विल्सन यांनी जर्मनीला कडक खलिता लिहिला. जर्मनीला जाब विचारावा, पण इंग्लंडच्या नाकेबंदीलाही विचारावा व अमेरिकन प्रवाशांना युद्धरत देशांच्या जहाजांवरून जाऊ देऊ नये, असे ब्रायन यांचे म्हणणे होते. दुसरा खलिता देशाला युद्धाकडे नेईल असे वाटून त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. तीन वेळा लढून न मिळालेल्या सत्तेच्या जवळ ते आता कोठे पोहोचले होते. तेथून ते आपण होऊन खाली उतरले. चोहोकडून निंदेचा वर्षाव झाला, तरी १९१६ साली त्यांनी विल्सन यांच्यासाठी प्रचार केला. मनात किल्मिष ठेवले नाही.

न पाहिलेला शेजारी

येथवरचे चरित्र वाचून आनंद वाटतो. पण पुढील गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र खरे होणार नाही.

ब्रायन ज्या पक्षाचे पुढारी होते, त्याचा पाया दक्षिणेतील गोऱ्यांच्या मतांवर होता. त्याच काळात दक्षिणेतील राज्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार नाना युक्त्यांनी काढून घेत होती. ब्रायन यांनी शिकागोत ते भाषण केले, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या लोकांसाठी वेगळे डबे ठेवणे कायदेशीर ठरविले. झुंडी माणसांना झाडाला टांगून मारीत होत्या. याविरुद्ध ब्रायन यांनी आपल्या पक्षात कधी आवाज उठविला नाही. उलट दक्षिणेतील मताधिकाराच्या अटींचे त्यांनी समर्थन केले. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीयांचे शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांना आपल्या पंक्तीला बसविले, तेव्हाही ब्रायन यांनी नापसंतीच दाखविली. फिलिपिनो लोकांवर संमतीवाचून राज्य करू नये असे सांगणाऱ्याला मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या संमतीची आठवण होऊ नये, हे विरोधकांनी दाखवून दिले आणि ते खरेच होते. विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०८ साली आपल्या लोकांना ब्रायन यांच्या बाजूने मत देण्याची विनंती केली होती. पुढे विल्सन यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांतून वर्णभेद सुरू झाला, तेव्हा मंत्रिमंडळात ब्रायन बसलेले होते.

१९२४ साली न्यूयॉर्क येथील परिषदेत कू क्लक्स क्लॅन या द्वेषपंथी संघटनेचा नावानिशी निषेध करावा असा ठराव आला. ब्रायन यांनी पक्षाची एकी राखण्यासाठी नाव घेऊ नये, असे भाषण केले. ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला. एकी तरीही राहिली नाही. उमेदवार निवडण्यास १०३ वेळा मतदान घ्यावे लागले आणि निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला.

शेतकऱ्याच्या कर्जातला अन्याय ज्यांना एवढा स्पष्ट दिसला, त्यांना हे कसे दिसले नाही? आम्हांस वाटते, ज्या माणसांच्या टाळ्यांनी आपण मोठे होतो, त्यांच्या पापाविषयी बोलणे सर्वांत कठीण जाते. पेढीवाल्यांविरुद्ध बोलायला ब्रायन यांना धैर्य लागले हे खरे, पण पेढीवाले त्यांना मते देतच नव्हते. दक्षिणेतील गोरे देत होते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी हे दुष्ट नव्हते. ते फक्त दुसऱ्या बाजूने निघून गेले.

डेटनचा खटला

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ब्रायन फ्लोरिडातील मायामी येथे राहिले. तेथील बागेत त्यांच्या रविवारच्या पवित्र शास्त्राच्या वर्गास हजारो लोक येत. महायुद्धाचा संहार पाहून त्यांची अशी खात्री झाली होती की, बलवानाने दुर्बळाला चिरडावे हाच निसर्गनियम आहे, ही शिकवण डार्विनच्या मतातून पसरली व तिनेच युरोपला रसातळाला नेले. म्हणून शाळांतून माणसाच्या उत्क्रांतीचे शिक्षण बंद करावे, अशी चळवळ त्यांनी केली.

१९२५ साली टेनेसी राज्याने तसा कायदा केला. डेटन या गावी जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर जुलैमध्ये खटला भरला. सरकार पक्षाच्या मदतीला ब्रायन गेले. आरोपीच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो उभे राहिले. एके काळी, १८९६ च्या निवडणुकीत, याच डॅरोंनी ब्रायन यांच्यासाठी प्रचार केला होता. २० जुलै रोजी डॅरो यांनी ब्रायन यांनाच साक्षीदार म्हणून बोलाविले आणि पवित्र शास्त्रातील चमत्कार व सृष्टीचे वय यांविषयी प्रश्नांची सरबत्ती केली. सृष्टीच्या उत्पत्तीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे ब्रायन यांनी कबूल केले. पण पुष्कळ प्रश्नांना त्यांना नीट उत्तर देता आले नाही आणि देशभर त्यांचे हसे झाले. स्कोप्स यांना शंभर डॉलर दंड झाला. पुढे १९२७ साली वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द केली आणि १९६७ साली तो कायदाही रद्द झाला.

या प्रकरणाकडे आम्ही दोन डोळ्यांनी पाहतो. विज्ञानाचा धडा कायद्याने बंद करून विश्वासाचे रक्षण होत नाही. देवाने निर्माण केलेल्या सृष्टीचा अभ्यास करणाऱ्याला भिण्याचे कारण ख्रिस्ती माणसास नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, स्कोप्स यांच्या वर्गातील पाठ्यपुस्तकात गोऱ्या वर्णाला सर्वांत वरचे स्थान दिलेले होते आणि दुर्बल कुटुंबांची वाढ रोखण्याची भाषा होती. दुर्बळ माणसाचे मोल कमी होते आहे, ही ब्रायन यांची भीती पोकळ नव्हती. त्यांनी निवडलेला उपाय चुकीचा होता.

खटल्यानंतर पाचच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी, रविवारी सकाळी ते डेटन येथील उपासनेस गेले. दुपारी जेवून झोपले ते पुन्हा उठले नाहीत. वय ६५ होते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

पश्चात

ब्रायन यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. १९३३ साली बँकेतील ठेवींना विमा मिळाला, शेतमालाच्या भावाला आधार मिळाला आणि सोन्याच्या चलनाचा फास सैल झाला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मागण्यांमुळे ब्रायन यांना वेडगळ म्हटले गेले होते, त्यांपैकी काही आता देशाचे कायदे झाल्या. ३ मे १९३४ रोजी रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टन येथे ब्रायन यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. पुढे तो पुतळा त्यांच्या जन्मगावी, सेलमला नेण्यात आला. त्यांची कन्या रूथ ही १९२८ साली काँग्रेसवर निवडून आली आणि १९३३ साली डेन्मार्क येथे अमेरिकेची वकील झाली. परदेशी असे पद मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

जे काम ब्रायन यांनी केले नाही, ते पक्षाला पुढे मोठी किंमत देऊन करावे लागले. १९४८ साली हॅरी ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपविण्याची आज्ञा काढली, तेव्हा त्या वर्षी दक्षिणेतील काही प्रतिनिधी परिषद सोडून गेले होते. १९६४ साली लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा मंजूर करून घेतला. त्यानंतरच्या काही दशकांत दक्षिणेतील गोरे मतदार मोठ्या संख्येने रिपब्लिकन पक्षाकडे गेले. गुलामगिरीविरुद्ध जन्मलेल्या पक्षाकडे जुन्या गुलाममालक राज्यांची मते गेली आणि गुलाममालकांच्या पक्षाकडे गुलामांच्या नातवंडांची मते आली. पक्षाचे नाव तेच राहते, पण त्यातील माणसे जे बोलतात व जे बोलायचे टाळतात, त्यावरून त्याचा आत्मा घडत जातो.

आपल्या मंडळ्या लहान आहेत. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे वा हैदराबाद असो, आपण संख्येने थोडे आहोत आणि आपल्या हाती सत्ता नाही. म्हणून राजकारणाशी आपला काय संबंध, असे कित्येकांना वाटते. ब्रायन यांच्याकडून आपण हे शिकावे की, भुकेल्याच्या भाकरीचा व कर्जबाजाऱ्याच्या हिशेबाचा प्रश्न हा विश्वासाचाच प्रश्न आहे, आणि हरल्यावरही त्या कामाला पुन्हा लागता येते. त्यांच्या मौनाकडून दुसरी गोष्ट शिकावी. आपल्या पंचसमितीत, आपल्या सोयरिकीत, आपल्या कबरस्तानातसुद्धा जातीचा जुना हिशेब कोठे उरला असेल, तर त्याविषयी आपल्याच माणसांसमोर बोलण्याचे धैर्य आपल्याला हवे. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध प्रार्थना करणे सोपे असते. एकीच्या नावाखाली घरातल्या अन्यायाचे नाव न घेण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरला नाही. तो आपणांस आवरता यावा, म्हणून प्रभूजवळ कृपा मागू या.